न घेतलेला नेम

कसबा बावडा, शनिवार

प्रिय आदिती,

हे पत्र विठाबाईच्या हाती पाठवतेय. तिची बहीण तुझ्या माहेरी कागलातच राहते, तेव्हा आजच पोचेल. सासू फोन सोडून पत्र लिहीत बसलीय म्हणून हसू नकोस. आपल्या घरात फोन वाजला की तुझे मामा, म्हणजे आमचे हे, लगेच "स्पीकरवर टाक की" म्हणतात, आणि मला जे सांगायचंय ते स्पीकरवर टाकण्यासारखं नाही. शिवाय फोनवर मी अर्ध्यातच रडते. आज मला रडायचं नाहीये, आज मी चिडलेय.

आधी बातमी सांगते. महावीर जयंतीचं रक्तदान शिबिर झालं. नेहमीसारखाच मांडव, केळी, बिस्किटं आणि माईकवर तुझे मामा. त्यांचा फेटा, दंडाला पट्टी बांधून काढलेला फोटो, सगळं तुला पाठ आहे. या वर्षी फरक एवढाच, की रांगेत मीही होते. कागलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, तुझं हिमोग्लोबिन सातावर आलंय, गोळ्या-इंजेक्शनांनी चढलं नाही तर रक्त द्यावं लागेल, आणि बी निगेटिव्ह ऐन वेळी मिळेलच असं नाही. तेव्हापासून तुझा नवरोबा वृषभ मोबाईलवर रक्तदात्यांचे नंबर गोळा करत बसलाय. मी म्हटलं, अरे, जग कशाला धुंडाळतोस? आपल्या घरात तिच्या गटाची मीच आहे. एकदा माझं चालतंय का ते तपासून घेते, म्हणजे पुढं लागलं तर मी हक्काची. मोठ्या तोऱ्यात गेले बघ.

तिथल्या मुलीनं बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. रक्त चांगलं असलं की थेंब तळाला जातो म्हणे. माझा वरच तरंगत राहिला. ती म्हणाली, "काकू, तुमचं न्हाय चालायचं. तुम्हालाच रक्त चढवायची पाळी हाय." मी म्हटलं, परत बघ. तिनं मशीनवर बघितलं, तर नऊ. साडेबाराच्या खाली घेतच नाहीत. मी बाजूला सरले आणि मागच्या बायकांचं बघत उभी राहिले. भाद्रपदात दहा-दहा उपवास केले म्हणून ज्यांना शाली मिळाल्या होत्या, त्यांचे थेंब एकामागून एक तरंगायला लागले. एखाददुसरीचाच बुडाला. पुरुषांची रांग मात्र भराभर सरकत होती. आम्हाला समजूत म्हणून केळी दिली.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? मी छाती पुढं काढून सांगितलं, सगळं घरचं आणि सात्त्विक. भाकरी, उसळ, दूध, तूप, शेंगदाण्याची चटणी. मांसमच्छीचा वाराही नाही. ते म्हणाले, "खाण्यात काहीच वाईट नाही काकू. पण किती खाता आणि केव्हा?" सगळ्यांना वाढून झालं की उरेल ते, आणि दिवस मावळायला आला म्हणून घाईघाईनं चार घास. हे काय डॉक्टरांना सांगायचं?

आणि आदिती, तेव्हा मला तू दिसलीस. सकाळी सगळ्यांचे डबे भरून, उभ्या उभ्या चहा घेऊन शिवाजी पेठेतल्या बँकेत जाणारी. डब्यात दोन भाकऱ्या आणि भाजी. घरी परत येतेस तेव्हा दिवस मावळलेला असतो, आमची जेवणं उरकलेली असतात, भांडी घासून पालथी घातलेली असतात. तू हातपाय धुतेस, "भूक न्हाय आत्ती" असं मला म्हणतेस आणि खोलीत जातेस. आणि तुझे मामा येणाऱ्या पावण्यांना सांगतात, "आमची सून नोकरी करती, पण रात्रीचं पाणीसुद्धा घेत न्हाय." पावणं माना डोलावतात. पोटुशी राहिलीस तरी तेच चाललं होतं, आणि बँकेच्या काउंटरवर चक्कर येऊन पडलीस तेव्हा म्हणे उन्हाचा त्रास!

रात्री न जेवायचा नेम मी घेतलाय. लग्नाआधी, मुनिमहाराजांपुढं, माझ्या मनानं. मी तो मरेपर्यंत पाळणार, त्यात कुणी बोट घालायचं काम नाही. पण तू कधी घेतला होतास? कुणी विचारलं तरी होतं तुला? तू घरात आलीस आणि माहेरच्या आडनावाबरोबर रात्रीचं जेवणही उंबऱ्याबाहेर राहिलं. धर्मात यथाशक्ती असा शब्द आहे. आपल्या घरात तो पुरुषांच्या गुडघेदुखीला लागू होतो, गरोदर बाईच्या पोटाला लागू होत नाही.

वृषभच्या पाठीवर मला मुलगी झाली होती, हे तुला कुणी सांगितलं नसेल. एवढीशी होती, चिमणीच्या पिलासारखी. डोळे उघडले, मिटले, गेली. माझंही रक्त खूप गेलं. घरात सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हणत आले. शिबिरातून घरी येताना रिक्षात मला पहिल्यांदा वाटलं, की नशीब कसलं? ती माझ्या पोटात उपाशी होती. मला त्या पोरीची फार आठवण येते गं, आणि आता तिच्या आठवणीबरोबर राग येतो.

काल ताटं वाढली आणि मी या बापलेकांसमोर बसले. म्हटलं, दोनांतलं एक ठरवा. एकतर वृषभनं रोज पाचच्या आत गरम डबा बँकेत पोचवायचा, आणि ती तिथं बसून जेवणार. नाहीतर ती घरी आली की तिच्यासाठी गॅस पेटणार, दिवस मावळलेला असो नसो. मी रात्री खाणार नाही, पण तिला करून वाढीन. तुझ्या मामांचा घास हातातच राहिला. "रत्ना, डोकं फिरलंय काय तुझं? बस्तीत भगवंतापुढं कुठल्या तोंडानं बसू मी?" मी म्हटलं, ज्या तोंडानं दोन वेळा जेवता, त्याच तोंडानं बसा. वृषभ म्हणाला, "आई, तिनं कधी तक्रार केली काय?" माझ्या पोटचा पोरगा, पण त्या क्षणी लाटणं हाताशी नव्हतं हे त्याचं भाग्य. मग दुकान कोण बघणार, खतं-बियाणांचे दिवस तोंडावर आलेत, लोक काय म्हणतील, सगळं झालं आणि शेवटी दोघांनी मिळून उत्तर दिलं, "बघू." आपल्या घरातल्या "बघू"चा अर्थ तुला मी सांगायला नको.

उद्या वृषभ तुला न्यायला येतोय. सून इतके दिवस माहेरी म्हणून लोक विचारतात, असं म्हणून तुझ्या मामांनीच त्याला धाडलंय. तो यायच्या आत हे तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठी विठाबाईला पिटाळतेय. आदिती, येऊ नकोस. तुझं बाळंतपण कागललाच होऊ दे. तुझी आई रात्री गरम भाकरी वाढत असेल तर पोटभर जेव, दुसरी माग, लाजू नकोस. वृषभला पावण्यासारखं वागव, जेवू घाल आणि एकट्यालाच परत पाठव. का म्हणून विचारलं तर सांग, आत्तीनं नको म्हटलंय. मग इथं काय वादळ व्हायचं ते होऊ दे, मी बसलेय. ज्या दिवशी हे दोघं "बघू" सोडून "हो" म्हणतील, त्या दिवशी तुला आणायला मी स्वतः येईन. तोवर दुसरं कुणीही आलं तरी तू पिशवी भरायची नाहीस.

तुझीच,
आत्ती