खिडकीमागे अडकलेल्या टिपणाबाबत

दि. २४ मार्च

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
लिफ्ट तपासणी कार्यालय

विषय : वडिलांकडील कार्यालयीन संगणक परत करण्यास मुदत मिळण्याबाबत व तो पुसून न टाकण्याबाबत.

संदर्भ : ‘संगणक सात दिवसांत जमा करावा, विलंबाचे कारण लेखी कळवावे’ हे आपले दि. १७ चे पत्र.

महोदय,

विलंबाचे कारण पुढीलप्रमाणे.

१. मंगळवार, दि. ४ हा आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस होता. आईने पडदे धुतले. आपल्या कार्यालयातून निवृत्त झालेले माझे वडील नव्या निरीक्षकांसाठी टिपण लिहीत बसले होते. त्याच कामासाठी आपण त्यांना संगणक दिला होता. जुन्या लिफ्टचे आराखडे एकत्र जोडण्यासाठी त्यांनी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि पावणेबाराला मला कामावर फोन केला.

“अगं, इथं पाच चौकटी आल्यात. पाचही चौकटींत आधीच खुणा आहेत.”

“मग काढा ना त्या, बाबा.”

“दुसऱ्यानं केलेली खूण मी कशी पुसू? कुणीतरी तपासूनच केली असेल की. माझी खूण शेजारी कुठं करायची, तेवढं सांग.”

२. हा आपल्याच खात्याचा नियम आहे, हे आपणांस सांगायला नको. एका निरीक्षकाने केलेली खूण दुसऱ्याने पुसायची नाही. शंका असल्यास पुन्हा तपासून शेजारी आपली करायची. वडिलांनी तो चौतीस वर्षे पाळला. मी म्हणाले, “बाबा, ‘पुढे’ दाबा आणि संपवा एकदाचं. मला कामं आहेत.” ते म्हणाले, “बरं, बरं. चालू दे तुझं.” आणि त्यांनी ‘पुढे’ दाबले.

३. त्या पाच खुणांमधून पाच बिनबोलावलेले प्रोग्रॅम आत आले. एक हवामान सांगू लागला, एक सवलती दाखवू लागला, दोघांचे काम काय ते अद्याप कळलेले नाही. पाचव्याने जाहीर केले की या संगणकात १,४१७ दोष आहेत. वडिलांनी तो आकडा वहीत टिपला आणि खाली लिहिले : “दोष कुठे, ते नमूद नाही. असा अहवाल स्वीकारता येणार नाही.”

४. बुधवारी त्या पाचव्या प्रोग्रॅमची खिडकी जवळजवळ पडदाभर पसरली. तिच्यावर दोनच बटणे आहेत : ‘आता पुन्हा सुरू करा’ आणि ‘नंतर’. वडिलांचे टिपण तिच्यामागे उघडे आहे व ते कुठेही जतन केलेले नाही. दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी मला दोनदा फोन केला. मी उचलला नाही. “‘नंतर’ दाबा” असा निरोप पाठवला. तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी ते दाबले, आईला म्हणाले, “जरा पडतो,” आणि आडवे झाले. पाच वाजता आई चहाला उठवायला गेली, तेव्हा ते गेलेले होते.

५. ‘नंतर’ दाबून खिडकी जात नाही. नुसते तिचे घड्याळ पुन्हा चोवीस तासांवर जाते आणि ती वेळ भरेपर्यंत बटण पुन्हा दबत नाही. वेळ भरल्यावर दहा मिनिटांत कोणी काही दाबले नाही, तर संगणक आपण होऊन बंद होऊन चालू होईल आणि टिपण जाईल. कळफलकावरच्या माहीत असलेल्या सगळ्या युक्त्या करून झाल्या. म्हणून दि. ६ पासून रोज दुपारी मी ‘नंतर’ दाबते; कामावर जाऊ लागल्यापासून त्यासाठी घरी येते. घर भेटायला आलेल्या माणसांनी भरलेले असतानाही मी उठून दाबले. दोनदा मला निघता आले नाही, तेव्हा आईने दाबले. तिने आयुष्यात संगणकाला हात लावलेला नव्हता. तीन वाजल्यापासून ती बोट तयार ठेवून समोर बसली होती. वीज जाईल या भीतीने मी बॅटरी आणून जोडली आहे. आत्या म्हणाली, “त्या खोक्याची किती सेवा करशील? तो उठून बसणार आहे का?” आत्याने कारण लेखी मागितलेले नाही. आपण मागितले आहे, म्हणून आपणांस देत आहे.

६. आपल्या तांत्रिक कक्षाने फोनवर सांगितले, “ताई, पाच मिनिटांत सगळं पुसून कोरं करून देतो.” तसे करू नये. त्याऐवजी जाणकार माणूस घरी पाठवून टिपण आधी वाचवावे. ते वाचले, की संगणक त्याच दिवशी जमा करीन. टिपण आपल्याच निरीक्षकांसाठी आहे. खिडकीच्या खाली त्याची शेवटची ओळ तेवढी दिसते : “शंका आल्यास संकोच करू नये. फोन करून विचारावे.”

७. एक नोंद राहिली. वरील परिच्छेद २ मधील माझे विधान खोटे आहे. काल तीन वाजून दहा मिनिटांनी, बटण दाबण्याआधी, मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीला ते मोठ्याने सांगितले. आई दारात उभी होती, तिनेही ऐकले.

“बाबा, त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं. मी पुस्तक वाचत होते.”

सोबत : १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत २) वडिलांच्या वहीतील पान ३) संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र

रोज तीन वाजून दहा मिनिटे सोडून केव्हाही हजर राहू शकणारी,

(सही)
आपल्या दिवंगत निरीक्षकांची मुलगी