आबांची झील

सांगोला,
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

प्रिय वहिनी,

नणंदेचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरात सगळं बरं आहे, दादाची दाढी वाढली आहे आणि आई माझ्यावर रोजच्याइतकीच ओरडते आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. परवा सेमिनार झाल्यावर फोन केलास, "झालं बाई एकदाचं" म्हणालीस आणि त्याच दमात सांगून मोकळी झालीस की बेंगळुरूच्या संस्थेत पुढच्या संशोधनासाठी निवड झाली असली तरी तू जाणार नाहीस, सोमवारी तुझ्या विभागातल्या मॅडमना नकार कळवणार. का, तर तिथं दिवसभर इंग्रजी आणि तुझं इंग्रजी म्हणे पाठ केलेलं, वीस मिनिटांत संपणारं. मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. आता दादा शनिवारी डाळिंबं घेऊन सोलापूरला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. कागद मधेच कट करता येत नाही.

खरं सांगू? तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी तुझ्यावर लई जळायचे. तुला बघायला आलो होतो तेव्हा आबांनी, तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, विचारलं, मेंढरं राखता येत्यात का? तू चहाचा ट्रे हातात धरूनच म्हणालीस, "येत्यात की. पण मला एम.एस्सी. करायचीय, भूशास्त्रात." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आबांनी विचारलं, त्यात काय शिकवत्यात? तू म्हणालीस, एका विहिरीला पाणी का लागतं आणि शेजारचीला का लागत नाही, ते. घरी परत येताना आबा गाडीत म्हणाले, "ही पोरगी आपल्या घरात पायजे." मला वाटलं होतं, आता माझ्या डोक्यावर एक शहाणी येऊन बसणार. बसलीसच. पण बसलीस ती चांगली बसलीस, हे आज लिहून देते, उद्या तोंडी विचारलंस तर कबूल करणार नाही.

विद्यापीठात गेल्यावर पहिले काही महिने तू कसे काढलेस ते मला माहीत आहे. आपल्या दोघींचं शिक्षण मराठीतून झालेलं. इंग्रजी वाचायला येतं, लिहायला येतं, पण कुणी बोलायला लागलं की कानात नुसता गलका. सर बोलत राहायचे आणि तू फळ्यावरचे शब्द तेवढे उतरवून घ्यायचीस. मग ते पहिलं सेमिनार झालं. परीक्षकांनी विचारलं एक, तू घाबरून उत्तर दिलंस भलतंच, मागच्या बाकावरची पोरं खिदळली आणि तू "सॉरी सर" म्हणून खाली बसलीस. दिवाळीला घरी आलीस ती बॅग भरूनच. कुणाला काही सांगितलं नाहीस, पण स्वेटरसुद्धा आणला होतास, तेव्हाच मी ओळखलं की बाईसाहेब परत जायच्या नाहीत. वर ताकीद दिलीस की पुन्हा कधी सेमिनार झालंच तर घरच्या कुणी तिकडं फिरकायचं नाही, ओळखीचं माणूस दिसलं की जीभ आणखीच अडखळते.

आणि मग तो मेंढरं कोंडायच्या वाडग्यातला दिवस. मला आठवला की अजून हसू येतं. तू मेंढरांना पाला टाकत होतीस आणि मोबाईलवर कुण्या गोऱ्या सरांचं जमिनीखालच्या पाण्यावरचं लेक्चर लावलं होतंस, मोठ्यानं. आबा लिंबाखाली बसून घोंगडं झटकत होते. ते सर एक वाक्य बोलायचे, श्वास घ्यायला थांबायचे, पुन्हा बोलायचे. आबांना राहवेना. म्हणाले, "आगं आई मायाक्का, ह्या मानसाच्या मागं कोनच न्हाय व्हय? एवढं ग्यान सांगतोय, आन् झील धराया एक मानूस न्हाय?" आपल्या धनगरी ओव्यांत म्होरक्या ओळ गातो आणि मागचे तिचं शेपूट उचलतात, तसंच हे, असं त्यांना वाटलेलं. बरं, नुसतं वाटून थांबले असते तर ते आबा कसले! सरांनी पुढचं वाक्य संपवलं आणि आबांनी कानावर हात ठेवून शेवटचे दोन शब्द असे काही उचलले की बिरोबाच्या देवळात उभे आहेत जणू. "वाटर टेऽऽबल गाऽऽ!" मेंढरांनी माना वर केल्या. तू आठवड्यात पहिल्यांदा हसलीस, पोट धरून हसलीस.

पण तू तिथं थांबली नाहीस, म्हणून तर तुझं कौतुक. हसू ओसरल्यावर तू लेक्चर मागं नेलंस आणि स्वतः झील धरून बघितलीस. मी असते तर हसून विसरून गेले असते. दुसऱ्या दिवसापासून एका कानात ते सर आणि दुसरा कान मेंढरांकडं, असं तू चारायला जायला लागलीस. आधी वाक्याचा शेवटचा शब्द उचलायचीस, मग दोन-तीन, मग अर्धं वाक्य, तेही सरांच्याच चढउतारात. आबा तुझे वस्ताद झाले. इंग्रजीचं अक्षर माहीत नसलेला वस्ताद! पण नियम कडक. "शेपूट घट धर, मुंडकं आपसूक हाताला येतंय," हा पहिला. आणि दुसरा तू वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलास तो: "न्हाय ऐकू आलं तर गप ऱ्हायाचं. खोटी झील धरायची न्हाय. म्होरक्याला थांबवायचं, पुन्यांदा म्हन म्हनायचं. त्यात काय लाज?"

मग बोलायची पाळी आली. माणसांसमोर बोलायची लाज, म्हणून मेंढरांना उभं करून तू त्यांना खडकाच्या भेगा समजावून सांगायचीस. त्या काळ्या कानाच्या मेंढीनं तर एम.एस्सी.चा अख्खा पहिला भाग ऐकला असेल. आई दारात येऊन म्हणायची, "ह्या पोरीच्या अंगात इंग्रज आलाय, कुनीतरी उतरवा गं." मला तू परीक्षक केलंस. मी मुद्दाम भरभर, तोंडात गूळ धरल्यासारखे प्रश्न विचारायचे आणि तू चिडायचीस, पाय आपटायचीस, पण उठून जायची नाहीस. सुट्टी संपली तेव्हा स्वेटर पुन्हा बॅगेत गेला. मी आतल्या खोलीत जाऊन रडले, हे तुला माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. तू म्हणतेस परवाचं सगळं पाठांतर होतं. तू म्हणतेस मॅडमनी कौतुक केलं ते मन राखायला. घरच्यांना काय कळणार, असंही म्हणालीस आणि त्याचा मला फार राग आला. कारण वहिनी, परवा आम्ही तिथं होतो. मी आणि आबा.

ताकीद मोडली, मान्य. दादाकडून तारीख काढून घेतली, आईला सांगितलं की आबांचे डोळे दाखवायला सोलापूरला नेते, आणि पहिल्या एस.टी.नं निघालो. तुझ्या हॉलमध्ये अगदी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसलो. तू समोर येऊन उभी राहिलीस तेव्हा आबांच्या ध्यानात आलं की एवढ्या पोरापोरींत एकच लाल पटका दिसतोय, तुझी नजर नेमकी त्यावर जाणार. त्यांनी तो डोक्यावरून उतरवला, घडी करून मांडीवर ठेवला. अगं, आबांना देवापुढं सोडून चारचौघांत बोडक्या डोक्यानं बसलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. मला कसंनुसं झालं. ते मात्र तुझ्याकडं बघत होते.

तू बोलायला लागलीस आणि माझ्या शेजारून बारीक आवाज यायला लागला. आबा झील धरत होते. ओठांतल्या ओठांत, तुझ्या प्रत्येक वाक्याचं शेपूट. अर्थ ठाऊक नाही, पण एक वाक्य सोडलं नाही. मी चिमटा काढला तर म्हणाले, "पोरीला मागं कोन नको व्हय?"

मग ते बाहेरून आलेले सर उठले. काय भरभर बोलले गं! मला एक अक्षर कळलं नाही. तू गप्प झालीस. आबांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा भलतंच काहीतरी बोलणार आणि खाली बसणार. आणि तू मान वर करून सरळ म्हणालीस, "सर, प्लीज से इट अगेन. स्लोली." आबांनी विचारलं, काय म्हनली? मी सांगितलं, तिनं त्यांना थांबवलं, पुन्हा म्हणा म्हणाली. आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायला पटका होता मांडीवर, पण तेही त्यांना सुचलं नाही.

सरांनी हळू विचारलं. तू त्यांचाच प्रश्न आधी तुझ्या शब्दांत त्यांना परत सांगितलास, ते हो म्हणाले, आणि मग तू आपल्या विहिरीची आणि शेजारच्या कोरड्या विहिरीची भेग सांगितलीस. दोन ठिकाणी तुझं व्याकरण चुकलं. मी खवचट आहे, म्हणून माझ्या लक्षात आलं. पण कुणी हसलं नाही. सर पुढं वाकून ऐकत होते. सांग आता, तो प्रश्न काय तू पाठ केला होतास? तो तर तुला आधी माहीतसुद्धा नव्हता!

आम्ही तू बाहेर यायच्या आत निघालो. स्टँडवर आबांनी मला शपथ घातली की हे तुला सांगायचं नाही, पोर लाजंल. ती शपथ मी आज मोडतेय, कारण सोमवारी तू "नाही" म्हणणार आहेस आणि आबांच्या सुनेनं भीतीपोटी दिलेला नकार ही खोटी झील आहे. म्हणून हे पत्र. रविवारी संध्याकाळी फोन कर. मी तो स्पीकरवर टाकून आबांच्या शेजारी ठेवीन. मॅडमना जे सांगायचंय ते आधी आम्हाला सांग, पण इंग्रजीत, मोठ्यानं, आणि वाक्य संपलं की जरा थांब. घाई करू नकोस. आबा इकडून शेवटचे दोन शब्द उचलतील. "आय विल कम" असं काहीतरी म्हण गं बाई, नाहीतर त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला नकाराची झील धरावी लागेल.

तुझीच,
शपथ मोडून बसलेली खवचट नणंद,
सोनम