टाकीचा आवाज

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा बाप धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, गोळ्या घेतो आणि तुझी आई गेल्यापासून रोज भाजी करत असूनही अजून करपवतो. मोबाईलवर लिहिणं मला जमत नाही हे तुला ठाऊकच आहे. एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात. म्हणून हा कागद. आज सात रविवार झाले, तुझा फोन नाही. पहिल्या रविवारी वाटलं, कामात असशील. दुसऱ्या रविवारी राग आला आणि मीही फुगून बसलो. तिसऱ्यापासून मात्र सकाळी अकराला फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसतो, तो एक वाजेपर्यंत. मग उठतो आणि भात टाकतो. फार एकटं वाटतं गं.

लहानपणी एकदा सुट्टीत तुला कारखान्यातल्या आमच्या खात्यात नेलं होतं. वाफेने कोंदलेली टाकी बघून तू विचारलंस, यात आमटी शिजते का. मँगनीज फॉस्फेटचं पाणी ते, उकळायला थोडंच बाकी. त्यात गिअर बुडवला की आधी आम्ल लोखंडाला चावतं, बुडबुडे सुटतात, आणि मग बारीक काळपट स्फटिक त्याच्या अंगावर धरू लागतात. थर पुरता धरला की बुडबुडे थांबतात. मग गिअर धुवायचा आणि तेलात सोडायचा. त्या स्फटिकांच्या फटींत तेल मुरून राहतं, म्हणून गंज चढत नाही आणि नवे दाते एकमेकांना खरवडत नाहीत. भिंतीवर घड्याळ आहे, पण टाकीची तब्येत रोज सारखी नसते, आणि वाफेत दिसत तर काहीच नाही. म्हणून मी एकतीस वर्षं कानाने काम केलं. फसफस थांबली की गिअरांची टोपली वर. तेवढ्यावर खात्यात माझा भाव होता.

तर गेल्या महिन्यात मी टोपली खाली सोडली आणि चार-पाच मिनिटांतच टाकी गप्प झाली. म्हटलं, आज पाणी जोरात दिसतंय. टोपली वर काढली, पुढची सोडली. तीही लगेच गप्प. असे अडीचशे गिअर मी पुढे पाठवले. दुपारी तपासणीच्या बाई एक गिअर हातात घेऊन आल्या. थर विरळ, जागोजागी उघडं लोखंड चमकत होतं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या टाकीशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी टोपलीला हात घातला तशी त्यांनी माझी बाही धरली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. मी वाकून कान टाकीपाशी नेला. गाल भाजला, पण ऐकू काही आलं नाही. वाफ जराशी हलली तेव्हा दिसलं, पाणी फसफसत होतं.

डॉक्टर म्हणाले, वाफ ओढणाऱ्या पंख्याशेजारी इतकी वर्षं काढलीत, दुसरं काय होणार. वरच्या पट्टीतले बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. म्हणजे मुकादमाच्या शिव्या मला अजून स्वच्छ ऐकू येतात, नशीब बघ! आणि तुझा आवाज तुझ्या आईचा, बारीक.

आता खरं सांगतो. वर्ष-दीड वर्ष झालं, फोनवर तू बोलतेस ते मला कळत नाही. कागद चुरगळल्यासारखं काहीतरी येतं. तुला सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस, काम सोडा म्हणाली असतीस, आणि ते खातं सोडलं तर माझी वाट बघणारं ठिकाण तरी कुठलं उरलं होतं? मग मी युक्ती काढली. तू थांबलीस की मी म्हणायचो, हो हो. पुन्हा थांबलीस की, बरं बरं. जरा जास्त थांबलीस तर, तुझं तू बघ बाई, इकडे सगळं मजेत आहे. शेवटी तुझ्या छोटीला पापा. वेळ निभावून जायची. मला तर माझ्या हुशारीचं कौतुकच वाटायचं.

काल तुझी आत्या आली होती. मला भरपूर रागावत होती, हातवारे करत होती, आणि मी आपला मान डोलवत होतो. शेवटी तिच्या लक्षात आलं. तिने पिशवीतून सामानाची यादी काढली आणि मागच्या बाजूला लिहिलं: दादा, तिने नवऱ्याचं घर सोडलंय. छोटीला घेऊन तुझ्याकडे येऊ का, असं तिने तुला विचारलं. तू म्हणालास, तुझं तू बघ, इकडे सगळं मजेत आहे. ठमे, मी तो कागद दोनदा वाचला आणि आत्यासमोरच ढसाढसा रडलो. तू विचारलंस ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं गं, एक शब्दही नाही. पोचलं असतं तर त्याच पावली तुला आणायला निघालो असतो. सात आठवडे एका मैत्रिणीच्या खोलीत राहते आहेस म्हणे, बापानेही झिडकारलं असं समजून. आता काही विचारू नकोस, कळवू नकोस, दोघी सरळ निघून या. आतली खोली मी आज झाडून घेतली आहे. आल्यावर बेल वाजवत उभ्या राहू नका, मला ऐकू येणार नाही. दाराला मी कालपासून कडी लावलेली नाही.

तुझाच,
बाबा