म्हणावं

मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारचे सव्वातीन. दुकानात.

प्रिय ताई,

आत्ताच फोटोच्या एका मोठ्या चौकटीचे चार कोपरे सरस लावून जुळवले आणि दोरीने आवळून ठेवले. सरस धरेपर्यंत तिला हात लावायचा नाही, म्हणून पत्राला बसलो. बाबा मागच्या खोलीत आडवे झाले आहेत. झोपलेले नाहीत. मधूनमधून खाकरतात, म्हणजे मी लिहितोय ना, याची चौकशी. या पत्राचा शेवटचा कागद सकाळीच लिहून झाला आहे. त्यावर एकच ओळ आहे आणि त्या ओळीत एक खाडाखोड आहे. ‘वेलांटी, तू आणि खाडाखोड?’ असं म्हणशील. दुसरा कागद घेणार होतो, पण घेता आला नाही. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या खेपेला तेवढं करू नकोस. क्रमाने ये.

फोन करणार होतो. पण फोनवर मी ‘बाबा’ म्हटलं की तू ‘बरं, दुसरं बोल’ म्हणतेस, आणि समजा तू ‘बोल’ म्हणालीस तर माझीच दातखीळ बसते. लिहिताना निदान थांबता येतं. ऱ्हस्वदीर्घ बघून घेता येतं. नववीत शाळा सुटली तरी हे एक तू माझ्याकडून घटवून घेतलंस आणि मला वेलांटी म्हणायला लागलीस, त्याचा आता आधार वाटतो. बातमी कितीही वाईट असो, ती शुद्ध लिहिली की पुढची ओळ लिहिता येते.

तर बातमी. बाबांच्या पोटात गाठ आहे आणि ती काढण्याजोगी राहिलेली नाही. डॉक्टरांनी हे मला एकट्याला आत बोलावून सांगितलं. त्यांच्या मागे भिंतीवर त्यांची पदवी लावलेली होती, चौकटीचा डावा कोपरा उघडा पडलेला, आणि मी सगळा वेळ त्या कोपऱ्याकडेच बघत होतो. त्यांनी विचारलं, घरात मोठं कोण आहे? मी म्हणालो, ताई. ते म्हणाले, मग पुढच्या वेळी ताईंना घेऊन या. मी बरं म्हणालो, जशी काही तू बाहेर बाकावर बसलेली होतीस. मग ते म्हणाले, वडिलांना कितपत सांगायचं ते तुम्ही घरचे ठरवा, पण ठरवण्यात फार दिवस घालवू नका. बाहेर आलो तर बाबा उठून उभे. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यांनी विचारलं नाही. ‘चल लवकर, दुकान उघडं टाकून आलोय,’ एवढंच बोलले. दुकानाला कुलूप होतं, ताई, आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती.

ठरवायला घरचे म्हणजे मी आणि आत्या. आत्याने एका वाक्यात ठरवून टाकलं. हातातलं भांडं ओट्यावर आपटून म्हणाली, ‘खबरदार! त्याच्यापुढे अक्षर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे!’ आणि आपण कुठला शब्द बोललो ते तिच्याच कानांवर पडलं. तोंडावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘एकीला सांगून घालवलं तेवढं पुरे झालं. माणूस हाय खातो रे.’ ‘एकीला’ म्हणजे आईला; कुणी सांगितलं, ते तुझं नाव मात्र तिने घेतलं नाही. या घरात तुझं नाव कुणी घेत नाही. घ्यायची वेळ आलीच तर ‘ती’ म्हणतात, आणि या घरात ‘ती’ म्हणजे आई की तू, हे आवाजावरून ओळखावं लागतं.

मला ते दिवस आठवत राहतात. आईला बाबा रोज सकाळी सांगायचे, ‘अशक्तपणा आहे. हवा बदलली की बरं वाटेल.’ आत्या तेच सांगायची, शेजारी तेच सांगायचे, मीही तेच सांगायचो. तू औषधांच्या दुकानात कामाला, तुला चिठ्ठी बघूनच कळलं. तू डॉक्टरांना जाऊन भेटलीस, घरी आलीस, चपला काढल्यास, आईच्या खोलीत गेलीस आणि दार लोटून घेतलंस. बाहेर आलीस तेव्हा आईने उशीला टेकून माझ्याकडे चहा मागितला. पुढे आई दोनच महिने होती. त्या दोन महिन्यांत तिने मला भात लावायला शिकवलं, तुझ्याशी तासन्‌तास बोलली, जुन्या मैत्रिणीला बोलावून घेऊन तिच्याशी भांडण मिटवलं. फक्त बाबांशी तिला बोलता आलं नाही. ती ‘अहो, ऐका ना’ म्हणायची, आणि बाबा पांघरूण सारखं करत म्हणायचे, ‘तू बरी हो, मग सावकाश बोलू.’ प्रत्येक वेळी हेच. शेवटी शेवटी ती नुसती ‘अहो’ म्हणायची आणि गप्प व्हायची.

मग आई गेल्यानंतरचा तो दिवस. तू, मी, बाबा, आत्या, सगळे याच दुकानामागच्या खोलीत. बाबा तुझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते आणि मला म्हणाले, ‘हिला म्हणावं, सांगितलंस म्हणून ती गेली. आता इथे थांबायचं काही कारण नाही म्हणावं.’ तू माझ्याकडेच बघत म्हणालीस, ‘बाबांना म्हणावं, जाते.’ मी मधे उभा. निरोप दोन्हीकडे पोचलेलेच होते, मला पोचवायला काही उरलं नव्हतं. तरी मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलो, कुणी आणखी काही देतंय का म्हणून.

आपल्या घरात अवघड बोलणं नेहमी या ‘म्हणावं’वर टांगून ठेवलेलं असतं, हे मला अलीकडे कळायला लागलं. गिऱ्हाइकाशीसुद्धा तसंच. परवा एकजण फोटो परत घेऊन आला, चौकट वाकडी बसवली म्हणून. बाबा मान वर न करता मला म्हणाले, ‘साहेबांना म्हणावं, चौकट सरळ आहे, भिंत वाकडी आहे.’ साहेब समोरच उभे. तेही मला म्हणाले, ‘यांना म्हणावं, येऊन बघा.’ मी हसलो नाही, कारण मला या कामाची सवय आहे. पण ‘तुम्हांला गाठ आहे’ हे वाक्य कुणाकडून आलं म्हणून सांगू? त्याच्या शेवटी लावायला माझ्याकडे ‘म्हणावं’ नव्हतं. डॉक्टरांनी ते माझ्यावरच सोडलं होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. वाक्य तयार केलं, मनात शुद्ध करून घेतलं. न्हाव्याकडे घेऊन गेलो होतो, परत येताना रस्त्यात सांगायचं ठरवलं होतं. बाबा आरशातून स्वतःच्या गालांकडे बघत न्हाव्याला म्हणाले, ‘दाढी केलीस की गाल काढून घेतलेस?’ तो हसला, मीही हसलो, आणि त्या हसण्यात वाक्य वाहून गेलं. मग एकदा जेवताना. घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, मी ‘बाबा’ म्हटलं, त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढे ‘मीठ कमी आहे का’ एवढंच विचारलं. तुला राग येत असेल. मलाही येतो. पण ताई, समोरचा माणूस आपल्याकडे असा बघत असला की तोंडात आलेला शब्द कुठे जातो, ते तुला कधी कळलं नाही, कारण तुझा गेलाच नाही कधी.

आणि काल माझ्या हातून ती चूक झाली. बाबा आरशाची काच कापत होते. काच कापताना ते कुणाशी बोलत नाहीत हे तुला ठाऊक आहे. हिऱ्याच्या टोकाची ती हिरकणी काचेवर एकदा टेकली की या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायची, मधे थांबली की काच वाया गेली. मी लहान होतो तेव्हा तू धडपडून पडलीस, रडलीस, तरी त्यांनी आधी रेघ पुरी केली आणि मग तुला उचललं, हे तूच मला तक्रारीने सांगायचीस. काल त्यांनी हिरकणी टेकवली आणि रेघ ओढता ओढता, काचेकडेच बघत, विचारलं, ‘आज पुन्हा सगळं उलटून पडलं. हे काय आहे रे?’ माझी काहीच तयारी नव्हती. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते माझं नव्हतंच. मी म्हणालो, ‘अशक्तपणा आहे. हवा बदलली की बरं वाटेल.’

करकर थांबली. बाबांचा हात काचेच्या मधोमध थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे, आणि मला कळलं की त्यांना ते वाक्य ओळखू आलं आहे. शब्दन्‌शब्द, त्यांच्याच सुरात. रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. हिरकणी फडक्याने पुसून खणात ठेवली, अर्धी रेघ पडलेली काच भिंतीला लावून उभी केली आणि आत जाऊन बसले. रात्री आत्या मऊ भात घेऊन आली आणि नेहमीसारखं म्हणाली, ‘खा रे, पित्त आहे, जाईल.’ बाबा तिला म्हणाले, ‘अक्का, तू फार छान खोटं बोलतेस. मीही असाच बोलायचो का?’ आत्या भांडं तिथेच ठेवून निघून गेली.

आज सकाळी दुकान उघडलं. मी वखारीतून पट्ट्या आणायला निघालो तर म्हणाले, बस. मी बसलो. वाटलं, आता विचारणार, आणि आता मला सांगावंच लागणार. ते म्हणाले, ‘तू सांगू नकोस. तुला जमणार नाही. तू रडशील, मग मलाच तुझी समजूत घालत बसावं लागेल, आणि मला तेवढं बळ नाही.’ मी तिथेच रडायला लागलो. ते म्हणाले, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ आणि हसले. किती दिवसांनी हसले.

मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, तुलाही ठाऊक नसणार. तू त्या दिवशी आईच्या खोलीचं दार लोटून घेतलंस, तेव्हा बाबा बाहेर दाराशी होते, आणि दार उघडायच्या आत तिथून निघून गेले. त्यांनी सगळं ऐकलं. तू सांगताना अडखळली नाहीस हे ऐकलं, आणि तुझं सांगून झाल्यावर आई जे म्हणाली तेही ऐकलं. आई म्हणाली होती, ‘बरं झालं गं, कुणीतरी बोललं माझ्याशी.’ बाबा म्हणाले, ‘ते मला सहन झालं नाही. माझ्यादेखत तिच्याशी रोज इतकी माणसं बोलत होती, मी बोलत होतो, आणि तिच्या लेखी कुणीच बोलत नव्हतं.’ समोरून कुणी चौकशीला आलं, त्याला मी हातानेच नंतर या म्हणून खुणावलं. बाबा म्हणाले, ‘तिला काय बोलायचं होतं ते मी ऐकूनच घेतलं नाही. ते कदाचित तुझ्या ताईला माहीत असेल.’

हे पत्र मी माझ्या मनाने लिहायला घेतलेलं नाही, ताई. बाबांनी कागद मागवला, मला लेखणी धरायला लावली आणि म्हणाले, लिही. त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं. शेवटी नेहमीचं ‘म्हणावं’ होतं. मी विचारलं, लिहिताना ‘म्हणावे’ करू का, कारण तूच शिकवलंस, बोलताना अनुस्वार आणि लिहिताना मात्रा. ते म्हणाले, आधी वाचून दाखव. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ‘शेवटचा शब्द खोड.’ मी म्हणालो, नवा कागद घेतो, नीट लिहितो. तर म्हणाले, ‘नको. खोडलेला दिसू दे तिला.’ मी एकच रेघ मारली आहे, एका दमात, खालची अक्षरं वाचता येतील अशी. आत्याला मी सांभाळून घेईन. तुझी खोली झाडून ठेवली आहे. आता शेवटचं पान वाच.

तुझाच,
वेलांटी

(शेवटचं पान)

आईला सांगितलंस, तसं मलाही येऊन सांग ~~म्हणावं~~.