बाबा शेवटचं काय बोलले

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. इकडे सगळे ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. धाकट्याचा खोकला बरा आहे. थोरली शाळेत जाते, पण वर्गाचं दार जोरात आपटलं की बाकाखाली शिरते. यांनी दुकान उघडलंय. मामंजींच्या टेबलाला मात्र कुणी हात लावत नाही. भिंग, चिमटे, कुणाचं तरी अर्धवट उघडलेलं घड्याळ, सगळं तसंच आहे.

सिनेगॉगच्या भिंती पुन्हा रंगवल्या. दारात पोलीस असतात. ज्यू दिसतील तिथे मारणार, असं गोळ्या झाडणाऱ्या त्या माणसाने आधीच इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं म्हणे. आपल्यातल्या एकालाही तो ओळखत नव्हता. आपण ज्यू, एवढं त्याला पुरलं.

तुम्ही विचारलंत, बाबा शेवटचं काही बोलले का. पत्र लिहायला बसले की दर वेळी इथेच अडते.

त्या शनिवारी हे बाहेरगावी होते. मामंजींना नेहमीसारखा उशीर झाला. जन्मभर लोकांची घड्याळं लावून दिली, पण स्वतः कधी वेळेवर नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मी वैतागून म्हटलं, तुम्ही या सावकाश, मी पोरांना घेऊन पुढे होते. प्रार्थना चालू असताना सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मी सगळ्यांच्या लहानग्यांना गोष्टी सांगते ना, त्याची घाई.

गोष्ट अर्ध्यावर आली होती. आधी वाटलं, बाकं पडली. मग किंकाळ्या ऐकल्या. मी दाराला कडी घातली, दिवा मालवला, पोरांना टेबलाखाली कोंबलं. धाकट्याचं तोंड हाताने दाबून धरलं.

तेवढ्यात दारावर हलकेच टकटक झाली.

"सूनबाई, मी आहे. उघड."

वन्सं, हेच शेवटचं बोलणं. ते प्रार्थना करता करता गेले, असं सगळे म्हणतात. तसं पहिल्यांदा सांगितलं ते मीच.

माझा हात कडीवर होता. आवाज ओळखला नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण बोळकांडीतून बूट वाजवत कुणीतरी येत होतं, आणि ती कडी करकरते. मी हात मागे घेतला. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग पाय ओढत ते जिन्याकडे गेले. ती चाल आपल्या घरात कुणीही ओळखेल. बूटही तिकडेच वळले. मग गोळ्या.

चौकशीला आलेल्या पोलीसबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही केलंत तेच बरोबर, नाहीतर एकही पोर वाचलं नसतं. असेलही. पण त्या बाईंनी तो आवाज ऐकला नव्हता.

मामंजींनी बूट ऐकून मुद्दाम त्याला दारापासून लांब नेलं, की सुनेने उघडलं नाही म्हणून मिळेल त्या वाटेने निघाले? पहिलं खरं मानलं की मला झोप लागते. म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसत नाही.

थोरलीने सगळं ऐकलंय. परवा वेणी घालताना म्हणाली, "आई, आपण आत आहोत हे आजोबांना कळलं होतं ना?" मी रिबिनीची गाठ मारली.

यांना अजून काही माहीत नाही. रविवारी हे थडग्याच्या दगडावर 'प्रार्थना करताना निवर्तले' असं कोरायला देणार आहेत. खोटं दगडावर जायला नको. हे पत्र पेटीत टाकून आले की यांना सांगणार आहे. एकदा ते तुमच्याकडे निघालं की मला माघार घेता येणार नाही.

क्षमा करा, असं लिहिलं होतं, ते खोडलं. पोरं जिवंत आहेत. आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी दार उघडीन, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

तुमच्या बाबांची
सून