मामांच्या अंदाजाची रुंदी

विष्णुपुरी, नांदेड
शुक्रवार

ति. गुंडप्पामामांस,

सृष्टीचे शरणार्थ. तुमचा गुडघा कसा आहे? गंगम्मामामींचा खोकला गेला का? मी बरी आहे. मामींनी दिलेली शेंगाचटणी संपली (सुगतने संपवली, त्याच्याबद्दल पुढे येईलच). पत्र का, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही दोन शब्दांत निकाल लावता आणि फोन मामींकडे देता. हे दोन शब्दांत बसणारं नाही.

मी सोयाबीनच्या ओलाव्यावर पीएच.डी. करते हे तुम्हाला माहीत आहे (तुमच्या आडतीच्या दुकानावर तुम्ही सगळ्यांना ‘पोरगी दाणे वाळवायला शिकून राहिली’ असं सांगता; तेही चूक नाही). यंदा लातूरच्या बाजारात आलेल्या मालात सरासरी ओलावा किती टक्के, एवढाच माझा प्रश्न. नमुने आणायचे, तोलायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, पुन्हा तोलायचे. तेवढंच केलं असतं तर सुखात होते. पण सप्टेंबरात कार्यशाळा झाली. तिथे कळलं की बेझ नावाच्या माणसाची एक रीत आहे. मोजण्याआधी आपल्याला काय वाटतं ते कागदावर मांडायचं. त्याची किती खात्री आहे तेही मांडायचं. मग मोजमाप त्यात मिसळायचं आणि त्या प्रमाणात मत बदलायचं. मला ही रीत फार आवडली. आपल्या घरात मत मांडायची पद्धत आहे, बदलायची नाही.

आधीचा अंदाज कोणाचा घ्यायचा? शिकवणारे म्हणाले, ज्याला कळतं त्याचा. बाकीचे जुने शोधनिबंध शोधायला लागले. मी व्हरांड्यात येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही विसरला असाल. मी विचारलं, “मामा, यंदाच्या मालात ओलावा किती निघंल?” तुम्ही म्हणालात, “अकरा.” मी विचारलं, “मागेपुढे किती?” तुम्ही म्हणालात, “मागं कशाला अन् पुढं कशाला? अकरा.” आणि फोन मामींकडे दिलात. खात्रीच्या रकान्यात मी ‘चूक शून्य’ असं भरलं. कॉम्प्युटरने ते घेतलं नाही (शून्य चुकीचा माणूस त्याला माहीत नाही, तो लातूरचा नाही). तेव्हा नाइलाजाने एक दशांश भरलं. तेवढी चूकसुद्धा तुमच्या नावावर लिहिताना मला अपराधी वाटलं.

दिवाळीनंतर चाळीस नमुने वाळवले. ओव्हन म्हणाला, साडेतेरा. दोन्ही मिसळल्यावर उत्तर आलं अकरा पूर्णांक दोन. मी खूश झाले. शेजारच्या टेबलावर सुगत बसतो. इस्लापूरचा आहे, हे गणित त्याला माझ्याआधी आलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, चटणीचं बोट चाटलं आणि म्हणाला, “चाळीस नमुने एका बाजूला, मामा एकटा एका बाजूला, अन् मामा जिंकून राहिला. सृष्टे, हे स्टॅटिस्टिक्स न्हाई, ग्रामपंचायत हाय.” माझ्या मार्गदर्शक वर्षाराणी मॅडम मोठ्याने बोलत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “हा अंदाज आहे की श्रद्धा?” आणि सांगितलं, एक तर मामा काढा, नाही तर मामा किती चुकतात ते आणा.

त्या दिवसापासून मला आडत आठवते आहे. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी धान्याच्या कट्ट्यांच्या थप्पीवर बसायचे, केसांत भुसा, पायांना खाज. तुम्ही दाणा लगेच तोंडात टाकत नव्हता. आधी माणसाला विचारायचात. गाव कोणतं, कापणीत पाणी लागलं का, मळणी कधी केली. तो उत्तर देईपर्यंत तुमचा आकडा अर्धा ठरलेला असायचा. मग दाणा. मान थोडी कललेली, डोळे मिटलेले, आणि सगळा बाजार ओरडत असताना तुम्ही एका दाण्याचं ऐकायचात. मग मला एक द्यायचात. “खाऊ नको गं, ऐक. कट् म्हणला का पिचकला?” मी चावायचे आणि म्हणायचे, “दहा.” दर वेळी दहाच (त्या वयात मला तेवढंच मोजता येत होतं). तुम्ही हमालांना सांगायचात, “पोरीचा दात पक्का हाय.” कार्यशाळेत तीन दिवस जे शिकवलं ते तुम्ही रोज सकाळी करत होता. आधी माणूस, मग दाणा, मग आकडा. मला ते कळायला एवढी वर्षं आणि एक शिष्यवृत्ती लागली.

म्हणजे चूक माझी झाली. फोनवर मी गाव सांगितलं नाही. पुढे ऐन कापणीत पाऊस झाला, तेव्हा पुन्हा विचारलं नाही. हातावर दाणा ठेवला नाही. भाचीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून तुम्ही अकरा दिलेत. ते मी पदरात घेतलं आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

मामींना शरणार्थ. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची
सृष्टी

ता. क. १ – मागणं राहिलं. मला दोन आकडे पाहिजेत. कमीत कमी इतका आणि जास्तीत जास्त इतका. सोमवारी सेमिनार आहे, पत्र पोचताच फोन करा. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, किती चुकू शकता एवढंच विचारते (हे तुम्हाला मामींनीही कधी विचारलेलं नाही, मला माहीत आहे). आकडे नसतील तर ‘आधी काहीच माहीत नव्हतं’ असं लिहावं लागेल. चाळीस वर्षं तुम्ही बाजारात बसलात आणि काहीच माहीत नव्हतं, हे माझ्या हाताने लिहवत नाही.

ता. क. २ – मामी म्हणाल्या, कवळी बसवल्यापासून तुम्हाला दाण्याचा आवाज येत नाही, कवळीचाच येतो. हल्ली चावून झाल्यावर तुम्ही गुपचूप शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघता. त्यांच्यावर रागावू नका. दोन आकड्यांतलं अंतर थोडं वाढवा, झालं.

ता. क. ३ (मंगळवार) – पत्र टाकायचा धीर झाला नाही. सेमिनार काल झाला. तुमच्या अकराला मी माझ्या मनाने दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्के जागा दिली. उत्तर सव्वातेराच्या वर गेलं. मॅडमनी मान डोलावली. बाहेरून आलेले परीक्षक ‘मामा’ या शब्दावर बराच वेळ हसले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, देगलूरकडं आमचे साठ कट्टे पडून आहेत, वाळवावे की तसेच विकावे, मामांना विचारता का? मी तुमचा नंबर दिला. मामा आता एक आकडा सांगत नाहीत, दोन सांगतात, हेही बजावून सांगितलं. ते रविवारी फोन करतील.