त्यांना सांग

मंगळवार, संध्याकाळ. दिंद्रुड

आज साडेपाचला शीतल फोनवर दोन मिनिटं गप्प बसली, तिथंच सगळं बदललं. मी लग्नाचं विचारलं होतं. ती बोलंना, तशी माझी छाती धडधडायला लागली अन् मी ओरडलो, "नको असंल तर तोंडानं सांग ना!"

ती म्हणाली, "विचार करत होते रे. माणूस गप्प बसलं की तुला एवढं भ्याव कावून वाटतं?" अन् फोन ठेवला.

भ्याव? मला? पण खरंच... बीडला कॉलेजात सर काही न बोलता नुसते बघत राहिले, तर मी वही आपटून कायमचा निघून आलो. छाती तेव्हाही अशीच. मी आपला त्याला राग म्हणत आलो.

आठ वर्षांचा होतो तेव्हा आई-आबांचा अबोला सुरू झाला, तो अजून हाय. एका खोलीत बसून दोघं माझ्या तोंडानं बोलतात. "त्यांना सांग, भाकरी झाली." "तिला म्हणावं, भूक न्हाई." वाटायचं, मी गप्प बसलो तर घर मोडंल.

शीतलला हे सांगावं का? कसं?

तेवढ्यात आई म्हणाली, "त्यांना सांग, चहा झालाय." आबा हातभर अंतरावर होते.

"आई, तूच सांग की."

दोघंही गप्प. माझी छाती लई धडधडत होती, पण ओरडलो न्हाई. चपला घातल्या, बाहेर आलो अन् त्या दोघांनाच आत ठेवून मागं दार ओढून घेतलं.